पिशवी काढण्याआधी: शिरूर ते बीड, एक इतिहास

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बचत गटांतल्या सगळ्या ताया, मावश्या, सासवा-सुना ऐकताय ना? आजचा विषय आपण एरवी पदराआडून बोलतो. गर्भाशयाची पिशवी काढण्याचा विषय.

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते. कारण विचारलं की बाई खाली बघून म्हणते, "पिशवीचं ऑपरेशन करायचंय." वय विचारावं तर बत्तीस, नाहीतर पस्तीस. काय झालंय म्हणावं तर, "अंगावरून जातंय. डॉक्टर म्हणाले सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." कॅन्सरचं नाव निघालं की कुणी पुढं विचारत नाही, सह्या होतात. पण या दोन वाक्यांमागं मोठा इतिहास आहे, आणि त्याचं एक पान आपल्या शिरूरचंच आहे.

शिरूरमध्ये मतिमंद मुलींसाठी सरकारी वसतिगृह होतं. तेव्हा तोच शब्द वापरत, आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या दहाहून जास्त मुली-बायांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेलं आणि त्यांच्या पिशव्या काढल्या. त्यांच्या पिशवीला रोग झाला होता म्हणून नव्हे. यांना पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण दिलं गेलं. बातमी बाहेर आली तशा पुण्या-मुंबईच्या महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. देशभर चर्चा झाली आणि पुढच्या शस्त्रक्रिया सरकारला थांबवाव्या लागल्या. ज्यांच्या झाल्या, त्यांच्या झाल्याच.

यातली गोम नीट बघा. अडचण होती ती सांभाळणाऱ्या माणसांची, कपड्यांची, पाण्याची, मुलींना हळूहळू शिकवण्याची. उपाय मात्र झाला पिशवीवर. दुखणं एकीकडं आणि कात्री दुसरीकडं. निदान चुकतं म्हणजे दरवेळी रिपोर्ट चुकतो असं नाही. कधी बाईच्या जगण्यातली अडचणच तिच्या शरीराचा रोग ठरवली जाते. हेही चुकीचं निदानच.

मग आपल्या बायांना आजार नसतातच का? असतात, आणि भरपूर असतात. ते पहिल्यांदा मोजून दाखवलं ते आपल्याच राज्यात, गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, पाळीच्या तक्रारी असा एक ना एक त्रास निघाला. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात फक्त आठ. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं. बाकीचं दुखणं तिनं गिळायचं. या अभ्यासानं सांगितलं की या बायांना तपासणी हवी, औषध हवं, बोलायला जागा हवी. यातले बरेच आजार गोळ्या-औषधांनी बरे होणारे होते.

पण गावोगावी तपासणी पोचायच्या आधी शस्त्रक्रियाच पोचली. त्याचा हिशेब पुढं बीडमध्ये लागला.

दिवाळी झाली की बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आपल्याकडं येतात. आपल्या उसाच्या फडात त्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते, आणि एक दिवस काम चुकलं तर खाडा धरून पैसे कापतात. फडात आडोसा नाही, संडास नाही, अंघोळीला पाणी नाही. अशा जागी पाळीचे चार दिवस म्हणजे शिक्षाच. त्यात डोक्यावर मोळ्या वाहून कंबर मोडते आणि अस्वच्छतेनं संसर्ग होतो. बाई दवाखान्यात जाते तेव्हा तिला हेच ऐकू येतं: पिशवी खराब झालीय, काढून टाक, कटकट मिटेल. दोन-तीन लेकरं झालेली असतात, तिलाही ते पटतं.

एप्रिल २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून ही गोष्ट देशासमोर आली. त्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागं एक. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या बायांचं शरीर काही वेगळं नाही. वेगळं होतं ते त्यांचं काम आणि त्यांची नड.

आता पिशवी काढल्यावरचं ऐका, कारण ते आधी कुणी सांगत नाही. पिशवी काढली की पाळी थांबते आणि मूल होत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशयं असतात. हाडं आणि काळीज धड ठेवणारी संप्रेरकं तिथं तयार होतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर पस्तिशीच्या बाईला एका दिवसात पन्नाशी गाठते. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते, पुढं हाडं ठिसूळ होतात. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय काहीसं अलीकडं येऊ शकतं. आणि मोळ्यांच्या ओझ्यानं दुखणारी कंबर? ती दुखतच राहते, कारण ते दुखणं पिशवीचं नव्हतंच. त्यावर ऑपरेशनचं कर्ज. ते फेडायला पुन्हा उचल, पुन्हा फड.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऑपरेशन वाईट आणि सगळे डॉक्टर लबाड, असं माझं म्हणणं नाही. पिशवीचा कॅन्सर, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, बाळंतपणात न थांबणारं रक्त, अशा वेळी पिशवी काढल्यानं जीव वाचतो, नाहीतर जगणं सुसह्य होतं. त्या बाईनं घाबरून मागं राहू नये. पण नुसतं पांढरं जातंय, कंबर दुखते, सोनोग्राफीत थोडी सूज दिसते, एवढ्यावर पिशवी काढायची नसते. थोडं पांढरं पाणी जाणं शरीराचा धर्मच आहे. त्याला घाण वास असेल, खाज असेल, रंग बदलला असेल तर संसर्ग समजायचा. त्यावर गोळ्या असतात, काही वेळा नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. रक्त जास्त जात असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासतात, औषध देतात. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. नुसत्या सोनोग्राफीवर कॅन्सर ठरत नाही. तिशीनंतर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी दवाखान्यात करता येते. कुठं आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा.

कायदाही आता थोडा आपल्या बाजूनं आलाय. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्येही असंच घडत होतं. डॉ. नरेंद्र गुप्ता ते सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेले नियम तीन महिन्यांत लागू करा. महाराष्ट्रात २०२१ पासून रुग्ण हक्कांची सनद दवाखान्यात लावावी लागते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत.

म्हणून गटांनी एक करावं. ऑपरेशनसाठी कर्ज मागायला बाई आली की तिला नाही म्हणू नका, पण चार प्रश्न विचारा. आजाराचं नाव कागदावर लिहून दिलंय का? औषधानं आधी उपचार झाले का, किती महिने? कॅन्सर म्हणत असतील तर तपासणीचा कागद कुठाय? अंडाशयं ठेवणार की काढणार? उत्तरं नसतील तर आधी दुसरं मत घ्यायला जाण्यायेण्याचे आणि तपासणीचे पैसे द्या, आणि गटातली एक जण तिच्यासोबत जा. जीव धोक्यात असेल, रक्त थांबत नसेल, तर मात्र प्रश्न बाजूला ठेवून गाडी बोलवा. आणि ज्यांची पिशवी आधीच निघालीय त्यांनी शरमू नये. वाफा, हाडांचं दुखणं, उदास वाटणं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

शिरूरच्या त्या मुलींना १९९४ साली कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारता येतं. आपल्या फडात येणाऱ्या बीडच्या बाईलाही हे सांगा. ती आपल्या गटात नसेल, पण तिनं तोडलेल्या उसावर आपला गाव चालतो.