साको-वान्झेटी खटला : स्थलांतरितविरोधी पूर्वग्रह आणि न्यायप्रक्रिया

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांविषयी तीव्र संशयाचे वातावरण होते. १५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ ब्रेन्ट्री येथे बूट कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटली गेली व दोघांचा खून झाला. या प्रकरणी निकोला साको हा बूट-कारागीर व बार्टोलोमिओ वान्झेटी हा मासेविक्रेता, अशा दोन इटालियन अराज्यवाद्यांना अटक झाली.

त्यांच्या दोषित्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, खटल्यातील उणिवा स्पष्ट आहेत. ब्रिजवॉटर येथील लुटीच्या प्रयत्नाच्या आधीच्या खटल्यात, २४ डिसेंबर १९१९ रोजी वान्झेटी मासे विकत होता, अशी साक्ष इटालियन ग्राहकांनी दिली. ज्यूरीने ती ग्राह्य मानली नाही. १९२१ च्या मुख्य खटल्यात आरोपींची राजकीय मते व युद्धकाळातील त्यांचे मेक्सिकोगमन यांवर उलटतपासणीत भर देण्यात आला.

मूलभूत दोष मात्र कायद्यात होता. फेरखटल्याचे अर्ज मूळ न्यायाधीश वेब्स्टर थेअर यांच्यापुढेच जात आणि राज्याचे सर्वोच्च न्यायालय केवळ कायद्याचे मुद्दे तपासत असे. थेअर यांनी सर्व अर्ज फेटाळले. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांनाही देहदंड देण्यात आला. पुराव्याच्याही फेरतपासणीचा अधिकार वरिष्ठ न्यायालयास १९३९ मध्ये मिळाला. १९७७ मध्ये गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खटल्यातील अन्याय जाहीरपणे मान्य केला.

सारांश, पूर्वग्रह समाजात असतोच. निर्णय देणाऱ्यासच स्वतःच्या निर्णयाचा परीक्षक केले असता तो न्यायव्यवस्थेत कायम होतो.