जुनेराचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यांतील चिचगड हें गांव देवरी तालुक्यांत, महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या कडेला आहे. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत ज्या जमीनदाऱ्या होत्या त्यांपैकीं एक या गांवाच्या नांवानें ओळखली जात असे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. भोंवतीं रान, आणि रानाच्या मोकळ्या अंगास धानाच्या बांध्या, असा तो मुलूख आहे. भाऊबीज झाली कीं तिकडे गांवोगांव मंडईचे दिवस येतात. अशाच दिवसांत आम्ही तेथें एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. रात्रीं थंडी बरीच पडली. यजमानांच्या मातोश्रींनीं तणशीवर सतरंजी घालून दिली व वर पांघरावयास एक जाड गोधडी दिली. सकाळीं तिची घडी करितांना तिच्या कोपऱ्यांत एका फिकट लुगड्याचा काठ आम्हांस दिसला, आणि त्याला लागूनच खाकी कापडाचा एक चौकोन.

"आजी, यांत काय काय आहे हो?" असें आम्हीं सहज विचारलें.

"हा माह्या सासूच्या लुगड्याचा काठ हाय जी," त्या बोट फिरवीत म्हणाल्या, "हे मोठ्याची शाळेतली चड्डी, अन् हा नातीच्या बारशाचा तुकडा. फेकाचं कसं?"

इतिहासाच्या अध्यापनांत आमचें आयुष्य गेलें. परंतु एका कुटुंबाच्या चार पिढ्या अशा एकाच ठिकाणीं नोंदलेल्या आम्हीं क्वचितच पाहिल्या होत्या. राजांच्या सनदा जपून ठेवल्या जातात, सावकारांच्या वह्याहि सांपडतात. घरांतील स्त्रियांनीं जुन्याचें नवें करण्यांत जें कौशल्य खर्च केलें त्याचा कागद कोठेंच नाहीं, कारण तें वापरून वापरून झिजून जाणारें असतें. म्हणून त्याचा इतिहास लिहूं म्हटलें तर आडवाटेनें जावें लागतें. त्या वाटेनें थोडेंसें जाण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठींत 'जुनेर' असा एक नेमका शब्द आहे. फाटकें तें फडकें अथवा चिंधी. जुनेर म्हणजे अंगावर वापरून जुनें झालेलें, पण अद्याप कामाचें वस्त्र. आपल्याकडील स्त्रियांचा पोषाख हा मूळचा न शिवलेला. नऊवारी लुगडें म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटरांची एक अखंड पट्टी. कातर न लागलेलें कापड जुनें झालें तरी त्याचें कांहींहि करतां येतें. बसण्याच्या ठिकाणीं विरलें तर तेवढें कापून दोन तुकडे जोडावयाचे, याला दांड घालणें म्हणत. तेंहि फार दिवस टिकेनासें झालें कीं पदराकडच्या भागाचा मुलीसाठीं परकर होई, मधल्या मऊ भागाचीं झबलीं व दुपटीं होत, आणि उरलें तें गोधडीच्या पोटांत जाई. काठ मात्र सर्वांत शेवटपर्यंत टिके. त्याची नाडी होई किंवा पिशवीचा बंद.

बाळंतविड्यांत जीं टोपडीं, कुंच्या व झबलीं जात, त्यांत जुनेराला जागा असे ती केवळ काटकसरीमुळें नव्हे. नव्या कापडाला खळ असते व तें ताठ असतें. शेंकडों वेळां धुतलेल्या सुती कापडांतील खळ निघून जाऊन तंतु मऊ पडलेले असतात, आणि तान्ह्या मुलाच्या कातडीला तेंच सोसतें. गोधडीची ऊबहि अशीच समजून घ्यावी. पातळ कापडाचे अनेक थर एकावर एक ठेविले म्हणजे मधें हवा कोंडून राहते व तीच थंडीला अडविते. धांवदोऱ्याचे जवळ जवळ घातलेले टांके ते थर सरकूं देत नाहींत. हें शास्त्र आमच्या आजीबाईंना पुस्तकावांचून ठाऊक होतें. संस्कृतांत कंथा म्हणतात ती हीच. बंगालची कांथा, छत्तीसगढची कथरी, उत्तर कन्नडांतील सिद्दी स्त्रियांची कवुदी व आपली वाकळ हीं सर्व एकाच घराण्यांतील भावंडें आहेत.

या विषयाचा आपल्याकडील फार जुना लेखी पुरावा पाहावयाचा तर पाली विनयपिटक उघडावें लागतें. आरंभींचे भिक्षु उकिरड्यावरील व स्मशानांतील चिंध्या वेंचून त्यांचीं चीवरें शिवीत. अशा वस्त्राला पांसुकूल म्हणत. भगवान बुद्ध एकदां राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जात असतां वाटेंत मगधांतील शेतें त्यांच्या दृष्टीस पडलीं. धुऱ्यांनीं आंखलेलें तें चौकोनी चित्र दाखवून त्यांनीं आनंदाला विचारलें कीं, भिक्षूंसाठीं असें चीवर तुला करतां येईल काय? आनंदानें तुकडे जोडून तसें चीवर केलें, आणि आजहि बौद्ध भिक्षूंच्या चीवराची बांधणी तीच आहे. चिचगडच्या बांध्यांच्या कडेला उभें राहून त्या गोधडीकडे पाहतांना या कथेची आठवण न होणें कठीण होतें.

दुसरी कथा कौशांबीच्या उदयन राजाची. त्याच्या अंतःपुरांतील स्त्रियांनीं आनंदाला पांचशें वस्त्रें दान दिलीं. राजाला संशय आला कीं हा श्रमण कापडाचा व्यापार करणार कीं काय. त्यानें विचारलें, एवढ्या वस्त्रांचें काय कराल? ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना वांटूं. मग त्यांच्या जीर्ण चीवरांचें? त्यांच्या चादरी करूं. जुन्या चादरींचें? गाद्यांच्या खोळी. त्या जुन्या झाल्या कीं बसकर, मग पायपुसणें, मग धूळ झटकण्याचें फडकें. आणि शेवटीं त्या फडक्यांचे तुकडे चिखलांत कालवून त्यानें जमीन सारवूं. उदयनाला हें इतकें आवडलें कीं त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. आमच्या मतें काटकसरीचें यापेक्षां नेटकें अर्थशास्त्र पुढच्या पंडितांनाहि सांगतां आलेलें नाहीं.

येथपर्यंत हा इतिहास गोड आहे. परंतु इतिहासकाराला येथें थांबून चालत नाहीं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत जुन्या कपड्यांची निराळीच व्यवस्था सांगितली आहे. चांडाळांनीं प्रेतावरचीं वस्त्रें नेसावीं, व सेवा करणाऱ्या शूद्राला उष्ट्या अन्नाबरोबर जुनीं वस्त्रें द्यावीं, अशी ती आज्ञा आहे. ही केवळ पोथींतील गोष्ट राहिली नाहीं. मढ्यावरचें कापड हा आपल्या खेड्यांतून महारांचा हक्क म्हणून सांगितला जात असे. ज्याला हक्क म्हटलें तो वस्तुतः अपमानच होता. आणि यांतील विपरीतपणा असा कीं, नागपूर-भंडाऱ्याकडील महार हे स्वतः विणकर होते. खेड्यांतील जाडेंभरडें कापड त्यांच्याच मागावर निघे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांतहि त्यांच्या या धंद्याचा उल्लेख आहे. गांवाला नवें वस्त्र देणाऱ्याच्या पदरीं गांवाचें उतरलेलें वस्त्र पडे.

तो मागहि पुढें बसला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली, १८७७ च्या जानेवारींत तेथें एम्प्रेस मिल सुरूं झाली, आणि १८८० नंतरच्या दशकांत लोहमार्ग पूर्वेस छत्तीसगढाकडे सरकला. गिरणीच्या स्वस्त कापडापुढें हातसुताचा टिकाव लागेना. गरिबाच्या घरीं दोन लुगडीं जास्त आलीं असतील, पण विणकराची मजुरी गेली. शिवणयंत्र आलें तेंहि याच सुमारास. घरांतल्या शिवणकामाला त्यामुळें पहिल्यानेंच पैशाचें मोल आलें. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत ज्या सेवासदनाचा पाया घातला, तेथें शिवण-भरतकाम शिकून कितीएक निराधार स्त्रिया आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. घरचें कौतुक म्हणून समजलें जाणारें कसब असें उपजीविकेचें साधन झालें, ही लहान गोष्ट नव्हे.

महाडच्या १९२७ सालच्या डिसेंबरांतील परिषदेच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांना जो उपदेश केला त्यांत पोषाखाचा विषय मुद्दाम होता. लुगडें अस्पृश्यतेची खूण पटेल अशा रीतीनें नेसूं नका, कापड फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असूं द्या, असा त्याचा आशय होता. फाटकेपणाची लाज त्यांनीं मानली नाहीं. लादलेल्या खुणेची मात्र मानली. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों लोकांनीं धम्मदीक्षा घेतली तेव्हां ते शुभ्र वस्त्रें परिधान करून आले होते. ज्या धर्मांत चिंध्यांच्या चीवराला मान आहे त्या धर्मांत हे लोक चिंध्या टाकून शिरले, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. पांसुकूल हें भिक्षु आपण होऊन पतकरतो. मढ्यावरचें कापड दुसरा त्याच्यावर टाकतो. कापड तेंच असूं शकेल, पण दोहोंमध्यें स्वातंत्र्याएवढें अंतर आहे.

हेंच अंतर भेट आणि उतारा यांत आहे. आपल्याला नको म्हणून दिलेलें वस्त्र घेणाऱ्याची पायरी दाखवितें. आपला वेळ घालून दिलेलें वस्त्र देणाऱ्याची माया दाखवितें. १९४७ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. गांधीजींजवळ देण्यासारखें धन नव्हतें. माउंटबॅटन यांच्या सूचनेवरून त्यांनीं स्वतः कांतलेल्या सुताचें एक विणलेलें आच्छादन पाठविलें. त्याच्या मधोमध 'जय हिंद' अशीं अक्षरें होतीं. वृद्ध राणी मेरी यांस तें पंचाच वाटलें व राग आला, असें सांगतात. हिरेमाणकांच्या त्या राशींत ती भेट अशी होती कीं जिच्यांत देणाराचे हात उतरले होते.

टंचाईनें हें शहाणपण श्रीमंत देशांनाहि शिकविलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत कपड्यांचें रेशनिंग होतें. १९४३ सालीं तेथील सरकारनें जुन्यावर भागवा व दुरुस्त करा असें सांगणारी पुस्तिका काढून गृहिणींना पडद्याचे झगे व बापाच्या कोटाचें मुलाचे कपडे कसे करावे हें शिकविलें. त्याच सालीं आपल्याकडेहि कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. आपल्या बायकांना पुस्तिकेची गरज नव्हती, पण कापडाची होती. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधील टंचाई हळूहळू सरली. चिचगडसारख्या गांवीं ती कोणत्याहि युद्धावांचून पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. म्हणून गोधडीची स्तुति करितांना आपण मध्यमवर्गीयांनीं थोडें जपून बोलावें हें बरें. जिला दुसरें पांघरूण नव्हतें तिनें ती शिवली, या गोष्टीचा विसर पडला तर आपलें कौतुक पोकळ ठरेल.

आज शहरांतून जुन्या कपड्यांचें नवें करण्याची हौस पुन्हां दिसूं लागली आहे; आमच्या विद्यार्थिनी आईच्या साडीचा पोषाख शिवून घेतात, मैत्रिणीला हातानें केलेली वस्तु भेट देतात. आम्हांस याचा आनंदच आहे. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, ज्या साडीला कातर लावावयाची ती कोणाची, कधींची, कोणत्या प्रसंगीं घेतलेली, हें आधीं घरांतल्या वडील स्त्रीला विचारून लिहून ठेवावें. आणि आपले जुने कपडे मोलकरणीच्या हातांत देतांना ते धुऊन, बटणें लावून, तिला हवे आहेत काय हें विचारून द्यावे. तिनें नको म्हटलें तर तेंहि ऐकावें.

चिचगडहून निघतांना आम्हीं आजींना म्हटलें कीं, ही गोधडी जपून ठेवा, हिचें मोल फार आहे. त्या हंसून म्हणाल्या, "ठेवून काय करू जी? थंडी तर अजून बाकी हाय."

आम्हीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला, पण याला आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.