बेदी नव्हता, तेव्हाही...

शिवलकर आणि गोयल टेस्ट का खेळले नाहीत? उत्तर सगळ्यांना पाठ आहे: बेदी होता ना!

आता आकडे बघा. तिघेही डावखुरे स्पिनर. मुंबईच्या पद्माकर शिवलकरच्या फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स, सरासरी १९.६९. हरियाणाच्या राजिंदर गोयलच्या ७५०, सरासरी १८.५८. १९७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर शिवलकरने तामिळनाडूचे १३ गडी ३४ धावांत उडवले.

खरी गोष्ट पुढेच आहे. नोव्हेंबर १९७४, वेस्ट इंडिजविरुद्ध बंगलोर टेस्ट. शिस्तीच्या कारणावरून बेदीला वगळलं. गोयलला बोलावलं, आणि बाहेर बसवलं! खेळले प्रसन्ना आणि वेंकट, दोघेही ऑफस्पिनर. आपण २६७ धावांनी हरलो.

बेदी ग्रेटच, वाद नाही. पण त्या दिवशी जागा रिकामी होती की राव! सगळं खापर नशिबावर कशाला? थोडं अकरा जण निवडणाऱ्यांवरही फोडा.