पोस्टग्रेस्क्यूएल : सर्व्हर सुरू न होणे
लिनक्सवरील पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस सर्व्हर सुरू होत नसेल, तर त्याचे कारण बहुधा त्याच्याच लॉगमध्ये लिहिलेले असते. म्हणून काहीही बदलण्याआधी लॉगच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. डेटा फोल्डरच्या परवानग्या ०७०० किंवा, अकराव्या आवृत्तीपासून, ०७५० नसतील, किंवा रूट वापरकर्त्याने सर्व्हर चालवू पाहिला, तर तो मुद्दामच थांबतो. कधी सर्व्हरचे ५४३२ हे पोर्ट दुसऱ्या प्रक्रियेने अडवलेले असते. वीज गेल्यावर, सर्व्हरच्या चालू प्रक्रियेची नोंद ठेवणारी 'पोस्टमास्टर.पीआयडी' ही फाइल मागे राहून सर्व्हरला अडवू शकते; ती पुसण्यापूर्वी जुनी प्रक्रिया खरोखर संपली आहे ना, हे पाहावेच, कारण एकाच डेटावर दोन सर्व्हर चालले तर माहिती नासते.

सर्वांत घातक चूक डिस्क भरल्यावर होते : जागा करण्यासाठी व्यवहारनोंदींच्या फायली पुसल्या जातात. त्यांच्या फोल्डरचे नाव पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' होते. साधे लॉग समजून लोक ते रिकामे करीत, म्हणून २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत ते 'पीजी_वॉल' करण्यात आले. सर्व्हर अचानक बंद पडल्यानंतर डेटा सावरला जातो तो याच नोंदींवरून. तेव्हा जागा अन्यत्र करावी किंवा डिस्क वाढवावी. या नोंदी रीसेट करणारी 'पीजी_रीसेटवॉल' ही आज्ञा म्हणजे अगदी अखेरचा उपाय, तोही संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत काढून ठेवल्यावरच.