दारचा अडुळसा

परसदारी कुंपणाच्या ओळीत, कोणी फारसे न जोपासता वाढलेला अडुळसा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाच्या आरंभी एक फांदी तोडून जमिनीत खोचावी, पुढचे तिचे तीच पाहते. शेळीही त्याच्या कडू पाल्याला तोंड लावीत नाही. तमिळ भाषेत त्याला 'आडातोडै' म्हणतात. शेळी ज्याला शिवत नाही ते, असा त्याचा अर्थ लावतात. १७५३ साली लिनिअसने या झाडाला जे लॅटिन नाव दिले, त्यात हाच शब्द जाऊन बसला आहे.

चरकसंहितेत 'वासा' या नावाने तो रक्तपित्तावर व कासावर सांगितलेला आहे. मला मात्र ग्रंथापेक्षा चुलीपाशी चालत आलेली कृती अधिक विलक्षण वाटते. अडुळशाच्या ताज्या पानांचा रस सहजी निघत नाही. म्हणून पाने वाटून त्यांचा गोळा करावयाचा, तो वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळून वर माती लिंपावयाची आणि निखाऱ्यांत भाजावयाचा. माती लाल झाली की गोळा काढून, निववून, फडक्यातून पिळावयाचा. वैद्य याला पुटपाक म्हणतात. हा रस मधातून देत.

तो पिऊन खोकला सुटे, छाती मोकळी होई. पण हाच दिलासा क्षयाच्या रोग्याला किती घरांतून फसवा ठरला असेल! कफ सुटला म्हणजे रोग हटला, असे वाटे. कॉकने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखविला. त्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडावयास १९४३ साल उजाडले. तोवर अडुळशाला दोष तरी कसा द्यावा? त्याच्याहून बरे असे दुसरे होते काय?

१८८८ साली हूपर यांनी त्याच्या पानांतून व्हॅसिसीन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्याच धर्तीवर बनविलेले ब्रोमहेक्सीन १९६३ साली जर्मनीतून बाजारात आले, आणि पुढे अँब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर ही नावे दिसतात.

झाड कुंडीतही येते. मात्र व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते. गरोदर स्त्रीला हा रस देऊ नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर पाने खुडीत न बसता थुंकी तपासून घ्यावी.