दवाखान्याच्या जुन्या बिलासाठी कोर्टाचं समन्स आलं तर काय करावं?

आठवीतला एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर दप्तरातून कागद काढून म्हणाला, "सर, अम्मीने वाचून सांगायला सांगितलंय." दिवाणी कोर्टाचं समन्स होतं. वालिदांच्या शेवटच्या आजारपणातल्या बिलाची बाकी आणि त्यावरचं व्याज, असा दावा. अम्मी इद्दतमध्ये होती. "इद्दत संपली की बघू," असं घरात ठरलं होतं आणि कागद १८ दिवस फ्रिजवर पडून होता.

इथेच घोळ होतो. इद्दत ४ महिने १० दिवसांची. समन्स मिळाल्यापासून लेखी उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची, आणि कोर्टाने वाढवून दिली तरी साधारण ९० दिवसांपर्यंत. त्यानंतरही एखादं कोर्ट खास कारण पाहून उत्तर घेतं, पण त्या भरवशावर बसू नये. बाईला कोर्टात जायची गरज मात्र नसते. वकीलपत्रावर घरीच सही करून दिली की पुढचं वकील बघतो.

आधी कागद नेमका काय आहे ते ओळखा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे तडजोडीला बोलावणं. तिथे जाऊन "मान्य नाही" म्हणता येतं. समन्सवर कोर्टाचं नाव, शिक्का, दावा क्रमांक आणि तारीख असते. दाव्याचा १६ अंकी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर टाकला की खरं-खोटं कळतं. व्हॉट्सअॅपवर "उद्या अटक" असं लिहून येणारे कागद बहुतेक वेळा नुसते घाबरवायला असतात.

बेलिफ आला तर समन्स घ्या. नाकारलं तर तो दारावर चिकटवून जाऊ शकतो आणि ते बजावलं असंच धरलं जातं. कोणत्या तारखेला मिळालं ते कागदाच्या मागे लिहून ठेवा. समन्स वारलेल्या माणसाच्याच नावाने आलं असेल तर बेलिफला तसं सांगा, मृत्यूचा दाखला दाखवा आणि वकिलाला कळवा.

समन्सवर "संक्षिप्त दावा" किंवा "ऑर्डर ३७" असं लिहिलंय का, हेही बघा. तसं असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते.

लेखी उत्तराला कोर्टात कैफियत म्हणतात. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाचं वेगळं उत्तर द्यायचं: हे खरं, हे खोटं, हे आम्हाला माहीत नाही. "सगळं खोटं आहे" असं मोघम लिहून चालत नाही, कारण जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल केलं असं कोर्ट धरू शकतं. उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करायला ३० दिवसांत अर्ज करता येतो, पण गैरहजेरीचं सबळ कारण दाखवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तारीख. बिल किंवा हप्ता थकल्यापासून साधारण ३ वर्षांत दावा लावावा लागतो. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोरोनाचा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला आहे. म्हणजे २०२१ च्या बिलाची ३ वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची; ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. मुदतीबाहेरचा दावा फेटाळणं हे कोर्टाचं काम आहे, तरी कैफियतीत तो मुद्दा लिहाच.

म्हणूनच वसुलीवाला घरी येऊन "फक्त ५०० रुपये भरा, इथे सही करा" म्हणतो. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिली, किंवा थोडे पैसे भरून त्याची सही राहिली, तर ३ वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावरही "पैसे देतो" असं सहीनिशी लिहून दिलं तर त्या लेखावर दावा होऊ शकतो. लाजेखातर सही करू नका.

मग मोहल्ल्यात कुणीतरी म्हणतंच, "कर्ज बुडवणं गुनाह आहे, मय्यतीवर ओझं राहतं." बरोबर आहे. पण खरं देणं किती, हे आधी ठरायला हवं. दावा लावणारा कोण आहे? दवाखान्याऐवजी वेगळीच कंपनी असेल तर कर्ज तिच्याकडे आल्याचा दस्त मागा. तपशीलवार बिल मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून किंवा विम्यातून मिळालेली रक्कम वजा केली आहे का? व्याज कुठल्या कराराने लावलं? हिशोब करून जे खरंच देणं निघेल ते द्यावं, मुदत गेली असली तरी, असं माझं स्वतःचं मत आहे. फुगवलेलं व्याज मात्र कुणाच्या मय्यतीवर ओझं नसतं.

वडिलांचं कर्ज मुलांच्या पगारातून वसूल होत नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी असते. शरीअतमध्येही तरक्यातून आधी कर्ज फेडायचं आणि मग वाटणी करायची असते. मात्र दाखल करताना जामीनदार म्हणून तुम्ही स्वतः सही केली असेल तर गोष्ट वेगळी. आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही, हे घरातल्या बायकांना जरूर सांगा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाची मर्यादा असते. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर रक्कम, हप्ते आणि "बाकी काही देणं नाही" हे वाक्य लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, कारण त्या निवाड्यावर अपील नसतं.

त्या मुलाच्या घरी एक्स-रेच्या पाकिटात अॅडव्हान्स भरल्याच्या दोन पावत्या सापडल्या. दाव्यात त्या वजा केलेल्याच नव्हत्या. कैफियत २७ व्या दिवशी दाखल झाली, पावत्यांच्या प्रती जोडून.