शनिवार तेल्यांचं मनुका सरबत

युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थांच्या जोडीला 'उझवार' असतं. वाळवलेली सफरचंदं, नाशपाती आणि आलुबुखार पाण्यात उकळून केलेलं पेय. कडाक्याच्या थंडीत ताजं फळ कुठून आणणार? मग वाळवून ठेवलेलं फळ पाण्यात पुन्हा फुलवायचं.

सुक्या फळाचं असंच एक सणाचं पेय आपल्या रायगड जिल्ह्यातही आहे. ते म्हणजे काळ्या मनुकांचं सरबत. ते करणारे लोक म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अर्थात बेने इस्राएल.

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. पण समाज त्याहून कितीतरी जुना. परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. गावांवरून आडनावं पडली: पनवेलकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो. तेव्हा द्राक्षरसाचा पेला हातात धरून 'किद्दुश'ची प्रार्थना म्हणतात. अडचण अशी की, धर्मनियमाप्रमाणे ही वाईन ज्यूंच्याच हातची लागते. कोकणात भात, नारळ, आंबे भरपूर. द्राक्षाचे मळे नाहीत. मग काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजवायच्या, चांगल्या फुगल्या की कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळून घ्यायच्या. कुणी आधी उकळतंही. आंबवायचं मात्र नाही. लहान पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना घोट मिळतो.

ही काही कोकणातली पळवाट नाही. मनुकांच्या रसावर किद्दुश चालतो, हे तालमूदमध्येच आहे. फक्त मनुका अगदी कोरड्या ठक्क नकोत, दाबल्यावर त्यांच्यात ओल हवी. पूर्व युरोपातले गरीब ज्यूही मनुकांचीच वाईन करत. म्हणजे उझवारच्या मुलखातला ज्यू आणि पनवेलचा ज्यू, एकमेकांना न ओळखता, सारखीच युक्ती करत होते.

मग हे सरबत दोन हजार वर्षांचं आहे का? असं म्हणायला छान वाटतं, पण समाजाचा स्वतःचा इतिहास वेगळं सुचवतो. बेने इस्राएलांच्या आठवणीनुसार डेव्हिड राहाबी त्यांना भेटला तेव्हा त्यांच्याकडे शब्बाथची सुट्टी, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा' एवढंच उरलं होतं. हिब्रू प्रार्थना विसरल्या होत्या. सणांची नावंही मराठी झाली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. प्रार्थनाच विसरली असेल, तर तिच्यासाठीचा पेला कशाला भरला जाईल? म्हणून मला वाटतं, किद्दुशचं सरबत हे नंतरचं असावं. कोचीनहून शिक्षक आले, मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि बाकीच्या ज्यू जगाशी धागा पुन्हा जुळला, त्या काळातलं. यात सरबताची किंमत कमी होत नाही. उलट, विसरलेली गोष्ट पुन्हा शिकणाऱ्या आणि ती आपल्याच स्वयंपाकघरात बसवणाऱ्या माणसांची ती खूण ठरते.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथेही 'तुम्ही पूर्ण ज्यू का?' हा प्रश्न त्यांना विचारला गेला. आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये कुठे तिथल्या सरकारने बरोबरीचा दर्जा स्पष्टपणे मान्य केला. इकडे महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता राज्यात उरलेत काही हजार लोक.

इस्राएलमध्ये नियमात बसणारी वाईन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मनुका भिजवायची गरजच संपली. गरजेतून आलेली चीज गरज संपल्यावर टिकते ती फक्त कुणीतरी ती मुद्दाम करत राहिलं तर. पनवेल, अलिबाग, ठाण्यातल्या काही घरांत शुक्रवारी अजून वाटीभर काळ्या मनुका पाण्यात पडतात. तेवढ्यावर ही गोष्ट तग धरून आहे.